झडपेची मुदत आणि माणसाची वर्षं

(सियागंज, इंदूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो त्यांची पेढी याच बाजारात होती, आणि अखेरच्या वर्षांत ते आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जात, हे तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. मी किडनीचा डॉक्टर. तरीही आज हृदयाच्या झडपेवर बोलणार आहे. डायलिसिसवरचा माणूस किडनीमुळे जातो, असा आपल्याकडे पक्का समज आहे. प्रत्यक्षात किडनीचं बरंचसं काम मशीन निभावून नेतं. जीव जातो तो बहुधा हृदयाच्या दुखण्याने, नाहीतर जंतुसंसर्गाने. हृदयाच्या दुखण्यांतही झडपेचं दुखणं वेळेवर ओळखलं तर काही करता येण्यासारखं असतं. काय करता येतं आणि त्यातून निवड कशी करायची, एवढाच आजचा विषय.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. नवी झडप किती वर्षं टिकेल, हा प्रश्न दुसरा. ती बसवल्यावर या माणसाची पुढची वर्षं कशी जातील, हा पहिला. डायलिसिसच्या रुग्णांच्या बाबतीत वैद्यकशास्त्रानेच बरीच वर्षं हे प्रश्न उलट्या क्रमाने विचारले, आणि घरोघरी अजूनही ते तसेच विचारले जातात.

एकाच आठवड्यातले दोन उपचार

कायमचा डायलिसिस आणि झडप बदलणं, या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात सुरू झाल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी कृत्रिम किडनी चालवून दाखवली होती. पण दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, त्यामुळे थोड्याच खेपांत हाताला जागा उरत नसे. ९ मार्च १९६० रोजी अमेरिकेत सिएटल इथे बेल्डिंग स्क्रिबनर यांच्या पथकाने क्लाइड शील्ड्स या रुग्णाच्या हातात टेफ्लॉनची नळी बसवली. तीच नळी पुन्हा पुन्हा वापरता येऊ लागली आणि किडनी कायमची बंद पडलेला माणूस वर्षानुवर्षं जगवणं शक्य झालं. दुसऱ्याच दिवशी, १० मार्चला, बोस्टनमध्ये ड्वाइट हार्कन यांनी महाधमनीच्या झडपेच्या जागी पिंजऱ्यातल्या चेंडूची कृत्रिम झडप बसवली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पोर्टलंडला अल्बर्ट स्टार यांनी लॉवेल एडवर्ड्स या इंजिनिअरच्या साथीने द्विदल झडप यशस्वीपणे बदलली.

शील्ड्स डायलिसिसवर अकरा वर्षं जगले. १९७१ मध्ये ते गेले ते हृदयविकाराने. या उपचाराचं पुढचं दुखणं कुठे असणार आहे, हे पहिल्याच रुग्णात दिसून आलं होतं.

आपल्याकडे डायलिसिस हा शब्द वर्तमानपत्रांतून घराघरांत गेला तो जयप्रकाश नारायण यांच्यामुळे. आणीबाणीत चंडीगडला स्थानबद्ध असताना त्यांच्या किडन्या निकामी झाल्या. नोव्हेंबर १९७५ मध्ये त्यांना मुंबईला जसलोक रुग्णालयात आणलं. त्यांच्या मशीनसाठी लोकांनी वर्गणी गोळा केली. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी ते वारले. तेव्हा डायलिसिस म्हणजे एका थोर माणसासाठी देशाने उभी केलेली सोय होती. २०१६ मध्ये प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आला, जिल्ह्याजिल्ह्यांत मशीन आली, आणि आता खरगोन, धार, बुऱ्हाणपूरची साधी माणसं दहा-दहा वर्षं डायलिसिसवर काढतात. वर्षं वाढली, तसं झडपेचं दुखणंही पुढे आलं.

झडप दगडासारखी का होते

महाधमनीची निरोगी झडप उघडली की तिचं तोंड ३ ते ४ चौरस सेंटिमीटर असतं. ते १ चौरस सेंटिमीटरच्या खाली गेलं की झडप गंभीर आकसली असं आम्ही म्हणतो. इतरांमध्ये हे सहसा सत्तरीनंतर होतं. डायलिसिसच्या रुग्णात ते दहा-वीस वर्षं आधी येतं आणि भराभर वाढतं.

यातला मोठा गुन्हेगार फॉस्फरस. रक्तात तो सतत चढा राहिला की झडपेतल्या काही पेशी हाडातल्या पेशींसारख्या वागू लागतात आणि झडपेच्या पाकळीत चक्क हाडासारखा चुना भरू लागतो. इथे हिशेबाला पक्की माणसं बसली आहेत, तेव्हा हिशेबच मांडतो. साधारण जेवणातून दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या आसपास फॉस्फरस पोटात जातो. त्यातला ६०० अंगी लागतो असं धरा. आठवड्याचे झाले ४२००. चार तासांचा एक डायलिसिस ८०० ते १००० काढतो. दोनदा केला तर फार तर २०००. बाकी शिल्लक अंगातच राहते. जेवणाबरोबर घ्यायच्या फॉस्फरस बांधणाऱ्या गोळ्या याचसाठी असतात. त्या जेवणानंतर तासाभराने घेतल्या तर जवळजवळ फुकट जातात.

सियागंजात उभं राहिलं की दोन्ही बाजूंना काजू, बदाम, खारीक, डाळी, मसाल्यांची पोती दिसतात आणि रुग्णाला वाटतं, आता सगळंच बंद. तसं नाही. डाळी आणि अख्ख्या धान्यातला फॉस्फरस अशा रूपात बांधलेला असतो की त्यातला बराच भाग अंगी लागत नाही. मापात डाळ चालते. सुक्या मेव्यात पोटॅशियमही भरपूर, म्हणून तो जपून. खरा धोका पाकीटबंद मालात आहे, कारण टिकण्यासाठी घातलेला फॉस्फेट जवळजवळ सगळा शोषला जातो. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात आयएनएस ३३८ ते ३४१ किंवा ४५० ते ४५२ यांपैकी आकडा दिसला, तर तो फॉस्फेट आहे असं समजा. काळ्या कोला पेयांतलं ३३८ म्हणजे फॉस्फोरिक आम्लच. तुमच्यापैकी जे या मालाचे घाऊक व्यापारी आहेत, त्यांनी हे आकडे घरच्या रुग्णासाठी तरी लक्षात ठेवावेत.

तिसऱ्या-चौथ्या तासाला काय घडतं

झडपेचं दुखणं पहिल्यांदा दिसतं ते बहुधा डायलिसिसच्या खोलीत, पण तिथे ते ओळखलं जातंच असं नाही. रुग्ण आला तेव्हा वजन तीन किलोने जास्त. म्हणजे तीन लिटर पाणी काढायचं. पहिले दोन तास बरे जातात. तिसऱ्या तासाला जांभया येऊ लागतात, कपाळाला घाम सुटतो, पोटऱ्यांत गोळे येतात. बीपी १४० वरून ८० वर. टेक्निशियन पायाकडची बाजू उचलतो, सलाईन सोडतो, पाणी काढणं थांबवतो. रुग्ण दीड लिटर पाणी अंगात घेऊन घरी जातो. रात्री उताणं झोपवत नाही. पुढच्या वेळी कागदावर लिहिलं जातं, ‘पाणी जास्त पितात.’

तो पाणी जास्त पीत असेलही. पण बीपी पुन्हा पुन्हा पडण्याचं कारण अरुंद झडपही असू शकतं. रक्तातलं पाणी कमी होतं तेव्हा हृदयाने जोर वाढवून भरपाई करायची असते, आणि तोंडच अरुंद असेल तर ती होत नाही. त्यात डायलिसिससाठी हातात धमनी शिरेला जोडून केलेल्या फिस्टुलाचा घूं-घूं आवाज छातीपर्यंत ऐकू येतो, त्यामुळे झडपेचा आवाज सुटून जातो. दम लागणं, थकवा, भोवळ, छातीत दाटणं या सगळ्याचं खापर पाण्यावर किंवा रक्ताच्या कमतरतेवर फुटतं.

यावर उपाय सोपा आहे, एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. डायलिसिस सुरू होऊन वजन स्थिर झालं की पहिल्या एक ते तीन महिन्यांत एक एको करावा आणि पुढे दर तीन वर्षांनी, असं अमेरिकेच्या किडनी संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं २००५ पासून सांगतात. लक्षणं असतील तर लगेच. एको शक्यतो डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी, अंगात पाणी कमी असताना करावा. पाणी भरलेलं असताना केला तर आकडे फसवे येतात.

लोखंडी झडप आणि गोळी

आता पर्याय. पहिला यांत्रिक झडपेचा, आपल्याकडे लोक जिला ‘लोखंडी झडप’ म्हणतात ती. ती लोखंडाची नसते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत एम. एस. वलियाथन यांच्या पथकाने बनवलेली चित्रा झडप घ्या. तिचा सांगाडा कोबाल्टच्या मिश्रधातूचा आणि आतली चकती एका कणखर प्लॅस्टिकची. आधीचे तीन नमुने फसले, चौथा जमला. डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा माणसात बसवली. वातज्वराने झडपा खराब झालेल्या हजारो तरुण भारतीयांना तिने परवडण्याजोगं आयुष्य दिलं. अशी झडप दशकानुदशकं झिजत नाही.

अट एकच. रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यायची आणि रक्त किती पातळ आहे ते सांगणारी पीटी-आयएनआर तपासणी करत राहायची. डायलिसिसच्या रुग्णात नेमकी इथेच अडचण येते. अंगात साचलेल्या टाकाऊ द्रव्यांमुळे त्याचं रक्त गोठवणाऱ्या कणांचं काम आधीच ढिलं, त्यात दर खेपेला मशीनवर रक्त गोठू न देणारं हेपरिन, आणि वर ही गोळी. सुया काढल्यावर दहा मिनिटं दाबून थांबणारा फिस्टुला अर्धा-अर्धा तास भिजत राहतो. पोटातला किंवा मेंदूतला रक्तस्राव ही भीती वेगळीच. नव्या गोळ्या, ज्यांना आयएनआर लागत नाही, त्या इथे चालत नाहीत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात यांत्रिक झडपेवर डॅबिगॅट्रान देऊन पाहिलं, गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढले, अभ्यास मध्येच थांबवावा लागला.

आणखी एक पेच आहे. जुनी गोळी व्हिटॅमिन के अडवून रक्त पातळ करते. रक्तवाहिन्यांत चुना बसू नये म्हणून शरीराकडे जे प्रथिन असतं, तेही व्हिटॅमिन के वरच चालतं. म्हणजे प्राण्याच्या ऊतीच्या झडपेत चुना भरेल या भीतीने जी झडप निवडली, तिच्यासाठी घ्यायची गोळीच दुसरीकडे चुना वाढवते. क्वचित कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या चुन्याने बंद होऊन भयंकर जखमा होतात, त्यामागेही ही गोळी अनेकदा असते.

मार्गदर्शन कसं बदललं

हे सगळं असताना १९९८ च्या अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वांनी डायलिसिसच्या रुग्णांना यांत्रिक झडपच सुचवली होती. तर्क सरळ होता. प्राण्याच्या ऊतीची झडप यांच्या रक्तात लवकर चुनखडी होईल, म्हणून टिकाऊ ती घ्या.

२००२ मध्ये चार्ल्स हर्झोग आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या डायलिसिस नोंदींतले १९७८ ते १९९८ या काळातले झडप बदललेले ५८५८ रुग्ण तपासले. दोन वर्षांनंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण ऊतीच्या झडपेत ३९.७ टक्के आणि यांत्रिक झडपेत ३९.७ टक्के. दशांशापर्यंत सारखं. ऑपरेशनच्याच मुक्कामात पाचातला एक रुग्ण दगावला होता. बहुतेकांच्या बाबतीत ऊतीची झडप खराब व्हायच्या आत माणूसच गेला होता. २००६ च्या तत्त्वांतून ती शिफारस निघाली.

या बाजारातला जाणता माणूस केवळ मुदत लांबची म्हणून माल भरत नाही, आपल्या दुकानातून तो किती दिवसांत उठतो ते पाहतो. झडपेचं तसंच आहे. पंचवीस वर्षांची हमी त्याच्या कामाची, ज्याच्यासमोर पंचवीस वर्षं आहेत.

ऊतीची झडप, छाती उघडून किंवा जांघेतून

ऊतीची झडप बहुधा गोवंशीय जनावराच्या हृदयावरणापासून किंवा डुकराच्या ऊतीपासून बनते. हे आपल्या शहरात स्पष्ट सांगायलाच हवं. वैष्णव, जैन, मुसलमान, प्रत्येकाच्या घरात यावर बोलणं होणार. ते ऑपरेशनच्या आदल्या रात्री नको, आधी व्हावं. कित्येक जण समजावून सांगितल्यावर तयार होतात, काही होत नाहीत. दोन्हींचा मान राखावा. ऊतीच्या झडपेला जन्मभराची रक्त पातळ करणारी गोळी सहसा लागत नाही. टिकते साधारण दहा-पंधरा वर्षं, डायलिसिसवर त्याहून कमी.

ती बसवण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली जुनी, छाती उघडून, हृदय थांबवून, बायपास मशीनवर. डायलिसिसच्या रुग्णाला आदल्या दिवशी डायलिसिस, ऑपरेशनच्या वेळी पोटॅशियमवर डोळ्यांत तेल घालून लक्ष आणि नंतरचे काही डायलिसिस हेपरिनशिवाय, एवढी तयारी असलेल्या ठिकाणीच हे करावं.

दुसरी वाट टावीची. १६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समध्ये रुआँ इथे अलें क्रिबिए यांनी पहिल्यांदा छाती न उघडता, रक्तवाहिनीतून घडी घातलेली झडप नेऊन जुन्या झडपेत उघडली. आज बहुधा जांघेतून जातात आणि रुग्ण अनेकदा जागाच असतो. आपल्या शेजारच्या गुजरातमधल्या वापीत बनणारी मायव्हाल ही झडपही २०१८ पासून देशात मंजूर आहे. छातीचं हाड कापायचं नाही, बायपास नाही, त्यामुळे थकलेल्या शरीराला ही वाट सोसते.

पण टावी म्हणजे चमत्कार नव्हे. ज्या मोठ्या चाचण्यांवर तिचं नाव झालं, त्या पार्टनर चाचण्यांत डायलिसिसचे रुग्ण घेतलेच नव्हते. अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदीतून २०१९ मध्ये आलेले आकडे पाहा. डायलिसिसवरच्यांत टावीच्या मुक्कामात ५.१ टक्के दगावले, इतरांत ३.४. हा फरक फार नाही. वर्षभरानंतर मात्र डायलिसिसवरचे ३६.८ टक्के गेलेले होते आणि इतर १८.७. म्हणजे झडप नीट बसते, आणि माणूस मात्र दुसऱ्या दुखण्याने जातो. शिवाय जांघेतल्या वाहिन्याही चुन्याने भरलेल्या असू शकतात, आणि कधी नंतर पेसमेकर लागतो. लागलाच तर त्याची तार फिस्टुलाच्या बाजूने घालू देऊ नका, ती शीर आकसली की डायलिसिसचा हातच जातो. तार नसलेला पेसमेकरही मिळतो, त्याबद्दल विचारा.

आणि खर्च. टावीचा आकडा पंधरा-वीस लाखांच्या आगेमागे जातो. छाती उघडून झडप बदलणं आयुष्मान भारतमध्ये बसतं, पण त्या योजनेत कुटुंबाला वर्षाला मर्यादा पाच लाखांची. कुठली झडप, कुठली पद्धत, किती रक्कम, हे रुग्णालयातल्या आयुष्मान मित्राकडून आधी लिहून घ्या.

द्विदल झडपेबद्दल थोडक्यात. तिथे चुना झडपेच्या कड्यात बसतो आणि शल्यविशारदाची सुई त्यात शिरत नाही. वातज्वराने चिकटलेली झडप फुग्याने उघडता येते, पण ती लवचीक असेल तरच. इथे पर्याय कमी आहेत आणि अनुभवी हातांची गरज जास्त.

दोन रुग्ण, दोन उत्तरं

समजा, एक बेचाळीस वर्षांचा माणूस आहे. पत्नी किडनी द्यायला तयार आहे, आयएनआर तपासायला लॅब दोन गल्ल्या सोडून. त्याच्यासमोर खरंच वीस-पंचवीस वर्षं असू शकतात. प्रत्यारोपणाआधी झडप नीट करणं बहुधा शहाणपणाचं, कारण झडप आकसलेली असताना मोठं ऑपरेशन धोक्याचं असतं. त्याला यांत्रिक झडप चुकीची नाही. ऊतीची बसवून पुढे गरज पडल्यास तिच्या आत टावीने दुसरी बसवणं, हाही हिशेब मांडता येतो.

दुसरा एकाहत्तर वर्षांचा, मधुमेही, पायाच्या बोटाची जखम वर्षभर न भरलेली, डायलिसिसला देवासहून येणारा. त्याला यांत्रिक झडप देणं मला अन्यायाचं वाटतं. वाहिन्या बऱ्या असतील आणि पैशाची सोय असेल तर टावी. आणि कधी काहीच न करणं हेही योग्य उत्तर असतं. तेव्हा पाणी हळूहळू, जास्त तास लावून काढायचं, दम कमी करायचा, घरच्यांशी मोकळं बोलायचं. फुग्याने झडप रुंद केली तर काही महिने निभतात, त्यापुढे नाही.

दोघांनाही लागू असलेली एक गोष्ट आहे, फिस्टुला. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रेशिया आणि चिमिनो यांनी हातातली धमनी शिरेला जोडण्याची ही युक्ती मांडली. तिच्यात बाहेरची वस्तू काही नाही. फिस्टुला नसेल तर डायलिसिससाठी घालाव्या लागणाऱ्या मानेतल्या कॅथेटरमधून जंतू थेट रक्तात जातात आणि नव्या झडपेवर बसतात. लाखो रुपयांची झडप एका कॅथेटरपायी जाऊ शकते. झडपेआधी फिस्टुलाची व्यवस्था करा, आणि दात काढण्याआधी दंतवैद्याला झडपेबद्दल सांगा.

एका टेबलावर

या निर्णयाला आज सहसा हृदयतज्ज्ञ आणि शल्यविशारद बसतात. माझा आग्रह आहे की किडनीचा डॉक्टर आणि डायलिसिस खोलीतला टेक्निशियनही त्या टेबलावर हवा. तिसऱ्या तासाला बीपी किती पडतं, सुया काढल्यावर रक्त किती वेळ थांबत नाही, गेल्या वर्षी किती वेळा ताप आला, हे टेक्निशियनला माहीत असतं, आणि झडपेची निवड याच गोष्टींवर ठरते.

घरच्यांनी तीन गोष्टी विचाराव्यात. प्रत्यारोपणाची खरी शक्यता किती? पातळ करणारी गोळी झेपेल का? आणि झडप बदलल्याने रुग्णाचं काय सुधारेल, दम, चालणं, की फक्त कागदावरचा आकडा? तिसऱ्याचं उत्तर धड मिळत नसेल तर सही करायची घाई करू नका.

व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांना एक सुचवतो. पुढच्या वर्षी इथे व्याख्यानाबरोबर एको तपासणीचं शिबिर ठेवा, खास डायलिसिसवरच्या रुग्णांसाठी, त्यांच्या डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी येईल अशी वेळ धरून. खर्चाला हा बाजार मागे हटणार नाही, आणि मशीनशेजारी बसायला मी येईन. आता प्रश्न विचारा. शंका घरी नेऊ नका.